जाळी लावायला आलेली पैठणी

आमच्या नात्यात माझ्या कामाला नाव नाही. 'ती मोबाइलवर ते लिपस्टिकचं करते ना, ती,' एवढी ओळख लग्नकार्यात पुरते. मी पुण्यात राहते आणि २०१५ पासून साड्या, कपडे, मेकअप यांवर लिहिते, बोलते, व्हिडिओ करते. सुरुवात मात्र लिहिण्यानेच झाली. तुळशीबागेतून आणलेली स्वस्तातली लिपस्टिक सकाळी अकराच्या उजेडात खिडकीपाशी हातावर ओढायची. हातावर कशी दिसते, ओठांवर कशी, चहा प्यायल्यावर किती उरते, ते मराठीत लिहायचं. मी सावळी. 'न्यूड' म्हणून मिळणाऱ्या निम्म्या छटा लावल्या की मी दोन दिवस तापाने पडून उठल्यासारखी दिसते. हे कुणीतरी सांगायला हवं होतं, एवढाच माझा तेव्हाचा साहित्यिक उद्देश.

त्या नादात एक वही तयार झाली. कंपनीच्या छटेसमोर आपल्या रंगाचं नाव. 'मॉव' म्हणजे आईच्या भाषेत फिका वांगी, 'टेराकोटा' म्हणजे विटकरी. एका पीच लिपस्टिकला अबोली म्हटलं तर बायकांना फोटो न बघताच कळलं. श्रीखंडी, मोतिया, शेवाळी, डाळिंबी, चिंतामणी. चिंतामणी रंग नेमका कोणता यावर माझ्या वाचकांमध्ये एकदा दोन दिवस भांडण चाललं होतं. माझ्या कुठल्याही व्हिडिओला आजवर इतका जिवंत प्रतिसाद मिळालेला नाही.

मग जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि आम्हा सगळ्यांचं बिऱ्हाड पंधरा सेकंदांत हललं. लिखाण व्हिडिओखालच्या कॅप्शनमध्ये जाऊन बसलं. तिथे पहिल्या दोन ओळी दिसतात, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं, आणि बोट तोवर पुढच्या रीलवर गेलेलं असतं.

त्यातही कॅप्शन माझं एकटीचं नसायचं. पैसे घेऊन केलेल्या कामाचा मजकूर आधी कंपनीकडे 'अप्रूव्हल'ला जातो. मी लिहायचे, 'सावळ्या रंगावर ही खुलते'. परत यायचं, 'प्रत्येक स्किन टोनसाठी'. मी लिहायचे, 'दुपारच्या जेवणापर्यंत टिकते'. परत यायचं, 'दिवसभर टिकते'. एका सीरमने माझ्या गालांवर पुळ्या उठल्या. मी एजन्सीला फोटो पाठवले. 'फिल्टर लावून शूट करता येईल का?' असं उत्तर आलं. घराचा हप्ता तोंडावर होता. मी शूट केलं. जाहिरात क्षेत्रातल्या आस्की या संस्थेच्या नियमांप्रमाणे जून २०२१ पासून अशा पोस्टवर ती पैसे घेऊन केल्याचं स्पष्ट लिहावं लागतं. ते मी ठळक अक्षरांत लिहिलं. नियमाचा तेवढा भाग पाळला म्हणून त्या रात्री झोप चांगली लागली, असं मात्र नाही.

(फुकट मिळणाऱ्या खोक्यांचा हेवा करणाऱ्यांसाठी जाता जाता: १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात १९४आर कलम आलं. एका कंपनीकडून वर्षभरात वीस हजारांच्या वर वस्तू मिळाल्या तर त्यावर दहा टक्के टीडीएस. वस्तू वापरून परत केली तर ती लाभात धरत नाहीत, ठेवून घेतली तर धरतात. अर्धी वापरलेली लिपस्टिक परत कुणाला करायची?)

मला लिहायचं होतं. 'कंटेंट' म्हणून नव्हे, पानावर छापलेलं, बाजूला कुणाचा लोगो नसलेलं. संगमनेरला लहानपणी आमच्या घरी दिवाळी अंक विकत येत नसत. वाचनालयाची योजना असायची, ठरावीक वर्गणी भरायची आणि अंक बदलून बदलून उन्हाळ्यापर्यंत वाचत राहायचं. आई रात्री मशीन बंद केल्यावर वाचायची. अंकाला खुणेसाठी पान दुमडलेलं तिला चालायचं नाही, 'दुसऱ्याचा आहे.' काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला लेखक होणं म्हणजे दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत नाव येणं असं वाटत असावं. मलाही तसंच वाटायचं.

२०२३ च्या मार्चमध्ये मी एका अंकाच्या संपादकांना मेल केला. पैठणीवर लिहायचं आहे, म्हटलं. तीन दिवसांनी उत्तर आलं: 'पैठणीवर दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच. तरी पाठवा. अडीच हजार शब्द. या वर्षी अधिक महिना आहे, दिवाळी लांबली आहे, तेव्हा जुलैअखेर चालेल.'

मे महिन्यात येवल्याला गेले. पुण्याहून नगर, शिर्डी, कोपरगाव करत एसटीने पोचेस्तोवर मणके ढिले झाले. एका विणकर काकांच्या घरी दिवसभर बसले. पुढच्या खोलीत खड्ड्यातला माग, काका खड्ड्यात पाय सोडून बसलेले, काकू शेजारी रेशीम गुंडाळत होत्या. पदरावर मोर चालू होता. एकेका रंगाच्या धाग्याची वेगळी टिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, अशा कितीतरी टिल्ल्या ताण्यावर ओळीने लोंबत होत्या. काका एक उचलायचे, चारपाच धाग्यांमधून न्यायचे, शेजारच्या रंगात अडकवायचे, सोडायचे, पुढची उचलायचे. मोराची मान तासाभरात माझ्या नखाएवढीही सरकली नाही. रेशीम बंगळूरचं, जर सुरतेची, असं काकांनी सांगितलं. मी दोनशेच्या वर फोटो काढले. नोंदी मात्र वहीच्या एका पानावर मावल्या.

जूनमध्ये लेख लिहून पाठवला. सातवाहनांपासून सुरुवात केली होती, पेशवाई होती, २०१० चं भौगोलिक मानांकन होतं, बांगडी मोर, आसावली, मुनिया या नक्ष्या, नारळी काठ असं सगळं ओळीने होतं. मला तो फार भारदस्त वाटला होता.

परत आला तेव्हा त्यात 'सुंदर' हा शब्द एकोणीस ठिकाणी लाल केला होता. मी मोजले. पहिली दोन पानं आडवी रेघ मारून उडवली होती, बाजूला 'हे सगळ्यांना माहीत आहे'. काकांच्या टिल्ल्यांजवळ 'इथे थांबा, पळू नका'. आणि 'पदरावरचे मोर विलक्षण सुंदर दिसत होते' या वाक्याशेजारी पेन्सिलीने लिहून स्कॅन केलेला एक प्रश्न: 'कोणत्या बाजूने बघितलेत?'

मला आधी राग आला. आठ वर्षं कंपन्यांची पोरं माझ्या वाक्यांवर कात्री चालवत होती, आता हेही. पण त्या कात्रीला मी जे बघितलं होतं तेच टोचायचं. इथे जे बघितलं नव्हतं ते पकडलं गेलं होतं. मी मोर वरच्या बाजूने, कॅमेऱ्यातून बघितले होते. खालून बघायचं सुचलंच नव्हतं. खालून साडी कोण बघतं?

आई बघते. आई फॉल-पिको करते, लग्नाआधीपासून. आमच्या घरात पैठण्या यायच्या, त्यातली एकही आमची नसायची.

अधिक श्रावण १८ जुलैला लागला आणि मी संगमनेरला गेले. अधिकात लेकी-जावयांना कपडे करतात, त्यामुळे आईकडे साड्यांचा ढीग. फॉल आधी भिजत घालायचा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतो आणि काठ गोळा होतो. मग वाळवून इस्त्री. मग साडी उलटी करून मांडीवर घ्यायची आणि वरून दिसणार नाही अशी बारीक टीप घालत जायचं. तासन्‌तास तिच्या डोळ्यांसमोर साडीची उलटी बाजूच असते. घडी घालताना सुलट बाजू दिसते तेवढीच.

माझ्या प्रश्नांची तिला गंमत वाटत होती. हातमागाची पैठणी उलटी धरली तरी मोर मोरच दिसतो, हे मी पहिल्या लेखात 'वैशिष्ट्य' म्हणून लिहिलं होतं, कुठेतरी वाचून. आईने ढिगातल्या दोन काढल्या. एकीच्या मागे मोर जसाच्या तसा. दुसरीच्या मागे नुसता धाग्यांचा पसारा, मोकळे लांब धागे एका मोरापासून दुसऱ्यापर्यंत तरंगत गेलेले. ती यंत्रमागावरची, जॅकार्डची. हे धागे बांगडीत अडकतात, जोडव्यात अडकतात, म्हणून पदराला मागून जाळी लावून घेतात.

"जाळी लावायला आली की मला कळतं," आई म्हणाली. "त्यांना वाटत असतं हातमागाची आहे. काहींनी पन्नास-पन्नास हजार मोजलेले असतात."

"मग तू सांगतेस?"

"मी कशाला सांगू? मी जाळीचे पैसे घेते."

हे वाक्य लेखात जसंच्या तसं गेलं. त्या चार दिवसांत मी एकही फोटो काढला नाही. हात साड्यांत गुंतलेले होते. आईने मला फॉल भिजवायला बसवलं होतं. रात्री तिने मला २००४ सालची एका साडीची गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षं तिने ती कुणाला सांगितली नव्हती. काय झालं होतं, ते इथेही लिहिणार नाही. मी ती पुण्याला येऊन एका बैठकीत उतरवली, आणि माझ्या हातून आजवर लिहिलं गेलेलं ते सर्वांत चांगलं पान होतं, हे मला लिहितानाच कळत होतं.

आईला फोनवर वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "ते काढ."

मी वाद घातला. नाव नाही, गाव बदलते, साल बदलते. "त्या बाई मागच्या गल्लीत राहतात," ती म्हणाली. "त्यांना साल लागत नाही." मग मी साहित्य, सत्य वगैरे बोलले. आई म्हणाली, "बोलून झालं की काढ," आणि इस्त्री गरम झाली म्हणून फोन ठेवला.

मी काढलं. संपादकांना आधीच कच्चा मसुदा गेला होता, त्यांना ते पान आठवत होतं. ते चिडले नाहीत, पण दोनदा फोन आला. 'लेखाचा प्राण तिथे आहे,' म्हणाले, 'एवढ्यावर तडजोड करू नका.' सीरमच्या वेळी मी 'बरं' म्हणाले होते, त्यामुळे मला माझ्या ठामपणाचा फारसा अभिमान वाटेना. पण यावेळी 'नाही' म्हणाले. लेखात तिथे आता एक खड्डा आहे. जाणकाराला तो जाणवेल, असं संपादक म्हणाले. कदाचित जाणवतही असेल.

मुद्रितं ऑगस्टच्या शेवटी आली. मी युनिकोडमध्ये टाइप केलं होतं, त्यांचा अक्षरजुळणीवाला जुन्या फॉन्टमध्ये काम करत होता, आणि मजकूर एकातून दुसऱ्यात जाताना 'ऱ्य'मधला र गळून पडला. साडीवरचा लेख, त्यात 'निऱ्या' अकरा ठिकाणी, आणि अकराही ठिकाणी 'नि-या'. 'दुसऱ्या'चं 'दुस-या', 'किनाऱ्या'चं तसंच. मी तांबडा पेन घेऊन बसले आणि एकेका बारीक अक्षरात र अडकवत गेले. येवल्याच्या काकांची आठवण आली, पण ते लिहायचं टाळलं. तोवर उपमा दिसली की हात मागे घ्यायची सवय लागली होती.

अंक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. अनुक्रमणिकेत नाव होतं. मानधन १५०० रुपये. त्याच आठवड्यात एका काजळाच्या रीलचे बारा हजार मिळाले होते. ते काजळ चांगलं होतं, हेही सांगून टाकते. त्या कॅप्शनमध्ये मी 'रात्री आठनंतर पसरतं' असं लिहून पाठवलं होतं आणि यावेळी तेवढं वाक्य ठेवणार असाल तरच, असं कळवलं होतं. दोन दिवस उत्तर नव्हतं, मग ठेवलं. पुढचं काम त्यांनी दिलेलं नाही.

दिवाळीला अंक घेऊन घरी गेले. आईने हात धुऊन, पुसून तो घेतला आणि दुपारी मशीनपाशी बसून सगळा लेख वाचला. मी स्वयंपाकघरात उगाच डबे लावत होते. बऱ्याच वेळाने तिने हाक मारली. बघते तर तिने बिलबुकातला बॉलपेन काढला होता. १९९८ च्या सुमारास फॉलचे बारा रुपये होते असं मी लिहिलं होतं. छापील 'बारा'वर तिने रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात 'आठ' लिहिलं.

"आई, अंक आपला आहे म्हणून बरं. वाचनालयाचा असता तर?"

"वाचनालयाच्या अंकात माझे भाव कशाला येतील?" ती म्हणाली, आणि पुढचं पान उलटून पेन तसाच हातात धरून वाचायला लागली.