रोजच्या कपड्यांचा हिशेब

लग्नाला कोणती साडी नेसायची यावर आमच्याकडे आठ-आठ दिवस खल चालतो, जावा-नणंदांचे फोन होतात, ब्लाउजची बाही कोपरापर्यंत असावी की वर, हेही सर्वानुमते ठरते; आणि ज्या कपड्यांत वर्षातले जवळजवळ सगळे दिवस जातात, त्यांची निवड मात्र सकाळी डबा भरता भरता कपाटातून जे हाताला लागेल त्यावर सोडलेली असते. मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. स्कूटीवरून जाणे-येणे, तिसरीच्या मुलांबरोबर सतरंजीवर बसणे, फळ्यावर लिहिणे, पोषण आहाराच्या वेळी ओळी लावणे आणि परतताना भाजी घेणे, हे सगळे कपड्यांच्या एकाच जोडात पार पाडावे लागते. त्यामुळे कुर्ता सकाळी आरशात कसा दिसतो यापेक्षा दुपारी तीन वाजता तो अंगावर कसा राहतो आणि रात्री बादलीत पडल्यावर किती पाणी मागतो, या दोन प्रश्नांना मी अधिक किंमत देते.

आपल्या भागातला उन्हाळा कोरडा असतो, ही गोष्ट कपडे घेताना फारशी कोणी विचारात घेत नाही. मुंबईत हवाच दमट असल्यामुळे घाम अंगावर तसाच राहतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा हवा इतकी कोरडी असते की घाम येताक्षणी उडून जातो. एक ग्रॅम घाम उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो (ही विज्ञानाच्या पुस्तकातली कॅलरी, आहारतक्त्यातली नव्हे), आणि त्यातली बरीचशी आपल्या त्वचेतूनच जाते. म्हणून कोरड्या उन्हात कापडाने घाम आधी टिपून घ्यावा, मग सावकाश हवेत सोडावा, असे काम त्याच्याकडून हवे असते. माठ पाझरतो म्हणूनच त्यातले पाणी गार राहते, तसेच हे आहे. सर्वसाधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा स्वतःत धरून ठेवतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. पॉलिस्टरचा कुर्ता दुपारी पाठीला का चिकटतो, याचे बरेचसे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

याच कारणाने बिनबाह्यांचा कुर्ता उन्हाळ्यात गार असतो, हा समज मला पटत नाही. सावलीत आणि पंख्याखाली तो ठीक आहे, परंतु औशाच्या रस्त्याने बारा वाजता स्कूटी चालवताना उघडा दंड सरळ उन्हात भाजतो, तर सैल, पूर्ण बाहीच्या आत हवा खेळती राहते आणि ऊन कापडावर अडते. आमच्याकडचे म्हातारे लोक धोतर, तीन गुंड्यांचा सैल सदरा आणि डोक्याला फेटा अशा वेशात भर उन्हात शेताच्या बांधावर उभे राहतात, त्यामागे परंपरेबरोबर हवामानाची समजही आहे. रंगाच्या बाबतीत उन्हाळ्यात फिका रंग बरा, हे सर्वांना माहीत आहे. शिक्षकांसाठी त्यात खडूचे एक कारण अधिक जोडावे लागेल. गडद निळ्या कुर्त्यावर उजव्या मांडीपाशी, जिथे हात नकळत पुसला जातो तिथे, पाच बोटांचा पांढरा ठसा दुसऱ्या तासालाच उमटतो आणि तो झटकायला गेले की पसरतो. बदामी, फिका पिस्ता किंवा राखाडी रंगावर तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि त्यांतल्या कोणत्याही रस्त्यावरच्या दुकानात गेले तरी समोर टाकलेला प्रत्येक तागा ‘प्युअर कॉटन’च असतो. दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा काठाजवळचा एखादा धागा ओढून घरी आणावा आणि चिमट्यात धरून पेटवून पाहावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ राख बोटांनी चुरता येते. पॉलिस्टर आक्रसून वितळते आणि टोकाला टणक मणी तयार होतो. मिश्र कापडात राखेबरोबर खडेही लागतात. विणीचा अंदाज घ्यायला कापड उजेडाकडे धरावे लागते. रोजच्या कुर्त्याला मी साठ काउंटच्या (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचे माप, आकडा मोठा तितके सूत बारीक) आसपासचे केम्ब्रिक, म्हणजे दाट विणीचे सुती कापड, पसंत करते. त्याहून बारीक सुताचे कापड हाताला छान लागते, पण आठवड्यातून दोनदा धुतले की कोपरापाशी विरते. मलमल ओढणीपुरती ठेवावी. खादीबद्दल मला विशेष आपुलकी आहे. राष्ट्रध्वजासाठीची खादी ज्या उदगीरला विणली जाते, ते आमच्याच जिल्ह्यात आहे. हातसूत असल्यामुळे तिची वीण मोकळी राहते आणि अंगाला हवा लागते. तरीही ती भिजल्यावर जड होते, वाळायला वेळ लावते आणि इस्त्रीशिवाय दुसऱ्या दिवशी घालवत नाही, हे मान्य करून मी ती हिवाळ्यासाठी आणि झेंडावंदनाच्या दिवसांसाठी ठेवते. शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो, ‘नांदेड ४४’सारखे संकरित वाण याच मराठवाड्यात तयार झाले, आणि त्या वेचणीला आलेल्या बायांच्या अंगावर मात्र नायलॉनच्या साड्या असतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण ती साडी स्वस्त मिळते, वर्षानुवर्षे फाटत नाही आणि तांब्याभर पाण्यात धुऊन निघते.

कापड कितीही चांगले निवडले तरी कुर्ता बिघडतो तो शिवणीत. सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून काढावे, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही मनगटावरून वर चढते. शिंप्याला दोन्ही बाजूंना बोटभर माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, ठेवायला सांगावे. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिणाऱ्या बाईचा हात दिवसभर खांद्याच्या वर जातो, त्यामुळे मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो भाग, थोडा मोकळा असावा लागतो. तो घट्ट झाला की संपूर्ण कुर्ता वर ओढला जातो आणि पाठीमागून मुले पाहत असतात. बाजूचा कट सतरंजीवर मांडी घालून बसता येईल इतका खोल असावा आणि त्याच्या टोकाला आतून पट्टी लावलेली असावी, कारण फाटायला सुरुवात तिथूनच होते. खिशावरून मात्र आमच्या शिंपीचाचांशी दर वेळी वाटाघाटी होतात. “मॅडम, खिसा दिला की कुर्ता एका बाजूला लोंबतो,” असे ते म्हणतात, आणि “चाचा, तुमच्या शर्टाला दोन आहेत, तो कुठे लोंबला?” असे मी विचारते. शेवटी शिवणीतला, आतून जाड कापडाचा खिसा मिळतो. खडूचे तुकडे, स्कूटीची किल्ली, वर्गाच्या कुलपाची किल्ली, दस्ती आणि एखाद्या मुलीचा पडलेला दात, एवढा ऐवज दिवसाकाठी त्यात जमा होतो. पर्स खांद्याला लावून कोणी शिकवू शकत नाही.

धुण्याचा प्रश्न लातूरकरांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात नळाला रोज पाणी येईल, हे गृहीत धरून कोणी कपडे घेत नाही. बोअरचे पाणी वापरावे तर ते जड. त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाला फेस येत नाही, तो कापडातच अडकून बसतो आणि पांढरा कुर्ता दोन-तीन महिन्यांत पिवळट पडतो. म्हणून शुभ्र पांढरा रंग मी रोजच्या कपड्यांतून काढून टाकला आहे. आतली सुती शमीज रोज धुवायची आणि वरचा कुर्ता संध्याकाळी सावलीत वाऱ्यावर टांगून आणखी एक दिवस वापरायचा, या रीतीने पाणी निम्मे लागते, कापडही जास्त टिकते. कांजी घातलेली सुती साडी दिसते फार सुंदर, परंतु खळ काढायला, पुन्हा घालायला आणि कडक इस्त्रीला जो खटाटोप लागतो, तो कामाच्या दिवसात बसत नाही.

पावसाळ्यात मात्र सुती कापडाचा हट्ट मी धरत नाही. काळ्या जमिनीचा चिखल सलवारीच्या घेराला लागला की निघता निघत नाही, तेव्हा घोट्याच्या वर येणारी, टेरीकॉटची (सुती-पॉलिस्टर मिश्र कापडाची) अरुंद पँट चांगली. ती शाळेत पोचल्यावर तासाभरात वाळते.

शिक्षकांच्या पेहरावाविषयी शासनाने मार्च २०२४ मध्ये सूचना काढल्या, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बरीच चर्चा झाली. महिलांनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता आणि ओढणी, पुरुषांनी शर्ट-पँट, जीन्स-टी-शर्ट नको, असा त्याचा सारांश होता. शाळेत नीटनेटके यावे, याला माझा विरोध नाही. मुले आपल्याकडे दिवसभर पाहतात आणि चुरगळलेला कुर्ता त्यांना आधी दिसतो. फक्त ओढणी स्कूटीवर मोकळी सोडू नये, एवढी सूचना त्यात मी स्वतः जोडली असती. मोटारसायकलला मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी असावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, आणि ती मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणूनच. चालवणारीने आपली ओढणी आधी डिकीत टाकावी आणि शाळेच्या फाटकात गाडी लावल्यावर अंगावर घ्यावी.

ज्यांना यंदा उन्हाळ्याचे कुर्ते शिवून घ्यायचे आहेत, त्यांनी कापड संक्रांतीच्या सुमारास घेऊन, पाण्यातून काढून, होळीच्या आत शिंप्याकडे टाकावे. एकदा लग्नसराईचे ब्लाउज सुरू झाले की साधा कुर्ता गठ्ठ्याच्या तळाशी जातो आणि उन्हाळ्यातली सकाळची शाळा संपेपर्यंत हाती लागत नाही.