शून्यापेक्षा उणे १८ बरं
मिनियापोलिसची (अमेरिका) हिवाळी सायकलनोंद, आठवडा ९ ते ११

जानेवारीत आठवड्याला ७ तास सायकल चालवायची ठरवलं होतं. झाले ६ तास ४० मिनिटं, मग ७ तास ५, आणि पडलो त्या आठवड्यात ३ तास १०. किलोमीटर मोजणं मी डिसेंबरातच सोडलं. खिळ्यांचा टायर, अंगावर चार थर आणि तोंडावर वारा असताना ताशी १६ किलोमीटरचा वेग निघाला तरी मांड्या पुरत्या भरून येतात. उन्हाळ्यातले आकडे शेजारी ठेवले की उगाच मन खट्टू होतं.

आता पडण्याची गोष्ट. थंडी जितकी कडक तितका धोका जास्त, असं पुण्यातल्या मित्रांना वाटतं. (तिकडे ११ अंश झाले की सिंहगडाची राईड रद्द करणारे हेच.) प्रकार उलटा आहे. उणे १८ ला बर्फ कोरडा असतो, चाकाखाली रव्यासारखा करकरतो आणि टायर धरून ठेवतो. मी पडलो त्या दिवशी दुपारी पारा १ वर होता. मिडटाउन ग्रीनवे हा जुन्या रेल्वेच्या खोलगट मार्गातून जाणारा सायकलरस्ता. वारा बराचसा डोक्यावरून जातो, बर्फही काढलेला असतो, म्हणून माझ्या भरवशाचा. पण वरच्या पुलांवरून दिवसा पाणी ठिबकतं आणि संध्याकाळी त्याचीच काच होते. त्यावर पिठीसाखरेसारखा ताजा बर्फ भुरभुरला होता, खालचं काही दिसलंच नाही. पुढचं चाक टिकलं, मागचं सटकन बाजूला गेलं. कारण खिळे फक्त पुढच्या टायरला होते. ‘पुढचं घसरलं तरच माणूस पडतो’ हे कंजूष तत्त्वज्ञान मागच्या नोंदीत मीच ऐटीत मांडलं होतं, ते मागे घेतो. कोपर आणि कंबर काळीनिळी झाली, मोडलं काही नाही.

आता दोन्ही टायरांना २४०-२४० खिळे आहेत. नवे टायर पहिले ४० किलोमीटर कोरड्या डांबरावर, करकचून ब्रेक न मारता चालवले, म्हणजे खिळे रबरात नीट बसतात. आवाज फोडणीत मोहरी तडतडावी तसा. हवा जरा कमीच ठेवायची, आणि घरात भरलेली हवा बाहेर तेवढी राहत नाही हेही धरून चालायचं. २० अंशांत ५० पीएसआय भरली तर उणे १५ ला साधारण ४२ उरते. पहिल्या हिवाळ्यात हे कळेपर्यंत मी दर आठवड्याला पंक्चर शोधत बसायचो.

उणे २१ च्या सकाळी नवीनच तमाशा झाला. पायडल मारतोय, चेन फिरतेय, मागचं चाक ढिम्म! फ्रीहबमधलं (मागच्या चाकाच्या मध्यातला, पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग) ग्रीस घट्ट झालं होतं आणि आतले कुत्रे (छोट्या खिट्ट्या) दात पकडत नव्हते. सायकल ढकलत घरी आणली, अर्ध्या तासात ती आपोआप सुधारली. पण बाहेर नेली की पुन्हा तेच होणार, म्हणून हब उघडलं, ग्रीस पुसून पातळ तेल घातलं. त्यानंतर तक्रार नाही.

मीठ मात्र चेन खातंय. साधारण उणे १० च्या खाली मीठ फारसं काम करत नाही, तेव्हा रस्त्यावर वाळू येते. म्हणजे एक दिवस गंज, दुसऱ्या दिवशी पॉलिशपेपर. घरी आल्यावर आधी चेन पुसायची, मग चहा. हा क्रम उलटला की चेन तशीच राहते, हा स्वानुभव.

बाकी सगळं ट्रेनरवर, म्हणजे घरात जागेवरच सायकल चालवायच्या स्टँडवर. मंगळवार-गुरुवार दोनदा २० मिनिटं, एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येणारी कमाल ताकद, वॅटमध्ये) ९० टक्क्यांवर. नोव्हेंबरात एफटीपी २०३ वॅट होती, परवाच्या चाचणीत २० मिनिटांची सरासरी २२१ आली, त्याचे ९५ टक्के म्हणजे २१०. सात वॅट! व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, “एवढा घाम गाळून जागच्या जागी कुठे निघालायस रे?” एप्रिलमधल्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब सायकलफेरी), असं सांगितलं. साडेतेरा तासांची मुदत ऐकून ती म्हणाली, “मग एसटीने जा.”

उणे १८ सेल्सियस म्हणजे इथल्या फॅरनहाइटमध्ये जवळजवळ शून्य. त्यामुळे ऑफिसात ‘शून्य बरं’ म्हणालो तर अर्थ बरोबर पोचतो, घरी म्हणालो तर नेमका उलटा.

उद्या पारा २ वर जाणार म्हणतात, सेल्सियसमध्ये. ट्रेनरच.