केमोनंतर तिसऱ्या दिवशी उलट्या का होतात?

केमोच्या उलट्या आम्लपित्ताच्या नव्हेत, त्यामुळे आम्लपित्ताच्या गोळीने त्या थांबत नाहीत. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध शिरेतून गेलं की लहान आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन सोडतात. ते व्हेगस नर्व्हच्या (पोट आणि मेंदू जोडणाऱ्या मज्जातंतूच्या) टोकांना चेतवतं आणि संदेश मेंदूच्या तळाशी पोचतो. तिथलाच एक छोटा भाग रक्तातलं विषही हेरतो. ओंडानसेट्रॉन हे उलटीविरोधी औषध सेरोटोनिनचा हा मार्ग अडवतं, पण सेरोटोनिनचा जोर मुख्यतः पहिल्या 24 तासांचा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मळमळ उसळते ती बहुतांशी सबस्टन्स पी या वेगळ्या रसायनामुळे. त्यासाठी अॅप्रेपिटंट असतं: केमोच्या तासभर आधी 125 मिलिग्रॅम, पुढचे दोन दिवस सकाळी 80. (सलाईनमधून फोसाप्रेपिटंट, म्हणजे त्याचंच शिरेतून द्यायचं रूप, दिलं असेल तर या कॅप्सूल सहसा नसतात.) जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. ते सकाळी नाश्त्यानंतरच घ्यावं, नाहीतर रात्री झोप उडते. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर मोजावी.

गडबड होते ती इथेच. पहिल्या संध्याकाळी बरं वाटतं, म्हणून घरी दिलेल्या गोळ्या तशाच राहतात. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या की ओंडानसेट्रॉनवर ओंडानसेट्रॉन घेतलं जातं. त्याने बद्धकोष्ठ होतो आणि मळमळ आणखी वाढते. या गोळ्या उलटी होऊ नये म्हणून आहेत. उलटीची वाट बघत बसू नका.

ओलान्झापिन हे मानसिक आजाराचं औषध आहे हे कळल्यावर घरचे बिचकतात. इथे ते मळमळीसाठीच दिलेलं असतं आणि चांगलं काम करतं. त्याची अडचण म्हणजे दिवसभराची गुंगी. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या चाचणीत (2024) 2.5 मिलिग्रॅमचा रात्रीचा डोस 10 मिलिग्रॅमइतकाच उपयोगी ठरला, आणि गुंगी कमी आली. झोपाळूपणा फार असेल तर डोसबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

केमोचं प्रत्येक औषध सारखंच छळत नाही. प्रतिबंधक गोळ्या नसतील तर सिस्प्लॅटिनने 100 पैकी 90हून जास्त जणांना उलट्या होतात, व्हिन्क्रिस्टिनने 10हून कमी जणांना. सायक्लोफॉस्फामाइडचा त्रास काही तासांनी, घरी पोचल्यावर सुरू होऊ शकतो.

केमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ मुद्दाम करू नका. मळमळीशी त्याची गाठ पडली की पुढे तो नकोसा होतो. फोडणीचा वास टाळा. गार दहीभात, थोडा थोडा.

पाण्याचा घोटही टिकत नसेल किंवा लघवी फार कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात फोन करा. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर रात्र असली तरी थांबू नका.