साक्षीची रात्र

शेजारून आलेले फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत आमच्या घरी चर्चच्या भगिनी मंडळाच्या संमेलनाची गडबड सुरू व्हायची. नेवासे, शेवगाव, राहुरीकडच्या बाया एसटीनं यायच्या. काखेत वळकटी, पिशवीत बायबल आणि गायनाचं पुस्तक, एखादीच्या कडेला पोर. चर्चमागच्या शाळेच्या खोल्यांत सतरंज्या अंथरल्या की झाली राहायची सोय.

दिवसाचा कार्यक्रम ठरलेला: संदेश, अहवाल, आम्हा पोरांची सुवर्णवचनं, म्हणजे बायबलमधली पाठ केलेली वचनं. आमचं सगळं लक्ष रात्रीकडे. नगरकडच्या मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तन जुनं. पेटी, तबला, झांजा, आणि ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं. कीर्तन संपलं की साक्षी, म्हणजे अडचणीत देवानं कसं सांभाळलं ते सगळ्यांपुढे सांगणं. "प्रभूच्या नावात सगळ्यांना सलाम" म्हणत एकेक बाई उभी राहायची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या आज्या उद्याच्या भाकरीची धास्ती सांगायच्या, तर कुणी पहिल्या बाळंतपणाची. काही साक्षी लांबायच्या, काही दरवर्षी त्याच असायच्या, आणि त्या आम्हाला पाठ झालेल्या असायच्या.

मी कॉलेजात असतानाची एक साक्ष मात्र अजून जशीच्या तशी कानात आहे. मळ्यातल्या वस्तीवर राहणारी मावशी उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "बायांनो, मी काही शूर नाही. लाईट येती रात्री एकला. मालक गेल्यापासून उसाला पाणी द्यायला, दारं धरायला मीच. उसात बिबट्या. पहिल्या रात्री मोटरीच्या खोलीत कडी लावून बसले नि तेविसावं स्तोत्र धरलं. मृत्युच्छायेच्या दरीत शिरले आणि तिथंच अडकले, पुढचं आठवंचना." सगळा मांडव हसला. तीही हसली. "मग गाणंच म्हणायला लागले, मोठ्यानं. बिबट्या पळतो का ठाऊक नाही. मी पळत नाही, एवढं खरं."

एरवी साक्षीनंतर लगेच प्रार्थना व्हायची. त्या रात्री आधी कुणीतरी विचारलं, "लाईट कोणत्या वारी असती गं?" जवळच्या वस्तीवरच्या दोघींनी आळीपाळीनं बॅटरी घेऊन सोबतीला जायचं कबूल केलं आणि मगच डोळे मिटले गेले.

भिणारा माणूस विश्वासात कच्चा, असं सांगणारे उपदेश मी पुष्कळ ऐकलेत. मला ते कधी पटले नाहीत. आमच्या चर्चच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांचंही मत तसंच असावं. वादळात नावेत निवांत झोपलेल्या येशूची गोष्ट सगळेच सांगतात. ते हटकून गेथशेमाने बागेतला उतारा काढायचे. तिथं तोच येशू मरणाच्या कल्पनेनं व्याकूळ झालाय आणि तिघा शिष्यांना म्हणतोय, माझ्याबरोबर जागे राहा. "आणि ते पठ्ठे झोपले!" असं म्हणून पाळकसाहेब पहिल्या रांगेत पेंगणाऱ्या पोरांकडे बघायचे.

निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई दर संमेलनात लक्ष्मीबाई टिळकांचा, म्हणजे कवी टिळकांच्या पत्नीचा, विषय काढायच्याच. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं या बाईंना फार महत्त्वाची वाटायची. "नवरा गेला म्हणून ती मागोमाग गेली नाही," त्या बजावायच्या, "लोकांना भ्यायली, सोवळं सुटायला भ्यायली, आणि स्वतःचं स्वतःला पटलं तेव्हाच आली." घाईनं विश्वासात आलेल्या माणसांवर बाईंचा फारसा विश्वास नसावा.

२०२० आणि २०२१ ला संमेलन झालं नाही. त्यानंतरचं पहिलं संमेलन भरलं तेव्हा बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. कोविड वॉर्डात काम केलेली एक नर्स बोलली. ड्यूटीवरून आल्यावर ती घराच्या ओट्यावरच जेवायची आणि मुलगी खिडकीच्या गजातून तिला शाळेतलं सांगायची. "देवावर भरवसा होता," ती म्हणाली, "पण मुलीला हात लावायची भीती काही गेली नाही. टेस्ट निगेटिव्ह आली तरी दोन दिवस लांबच राहिले." तिला कुणी वचन सांगितलं नाही. शेजारच्या बाईनं तिचा हात धरून ठेवला, आणि मग एकामागून एक बाया उठतच गेल्या. त्या वर्षी साक्षी आटोपशीर ठेवायच्या म्हणून टेबलावर घंटा ठेवली होती. ती वाजवायचं काम सेक्रेटरीबाईंकडे होतं, आणि सगळ्यात लांबलेली साक्ष त्यांचीच निघाली. चुलीपाशी बसलेल्या आचाऱ्यानं मात्र दोनदा निरोप धाडला, रस्सा आता आणखी तापवला तर आटून जाईल म्हणून.