टीसीचा दिवा आणि तिसरं वळण

“दादा, हे टीसी लई आडवं येतंय बघा. बंदच करून टाका.” हेल्मेट काढता काढताच त्यानं सांगितलं. टीसी म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, मागचं चाक घसरलं की इंजिनाची ताकद कापणारी यंत्रणा. पोरगा कोल्हापूरचा, गाडी १००० सीसीची, चार सिलिंडरची. जानेवारीतली सकाळ, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. धुक्यामुळे पहिलं सेशनच उशिरा सुटलं होतं. मी पुण्याहून मॅपिंगसाठी, म्हणजे किती थ्रॉटल आणि किती आरपीएमला किती पेट्रोल द्यायचं हा तक्ता बसवायला, त्याच्यासोबत गेलो होतो.

तक्रार तिसऱ्या वळणाची होती. २०११ मध्ये फॉर्म्युला वन इथं आली तेव्हापासूनच्या या ट्रॅकला सोळा वळणं आहेत, पण माझ्या मते तिसऱ्याइतकं महाग एकही नाही. चढावर उजवीकडे वळायचं आणि बाहेर पडलं की समोर किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा. इथं बाहेर पडताना ताशी चार-पाच किलोमीटर गमावले, की चौथ्या वळणाच्या ब्रेकिंगपर्यंत ते भरून निघत नाहीत.

त्याचं म्हणणं असं: थ्रॉटल उघडला की गाडी आधी मरगळते, मग झटका देते, मागचं चाक सरकतं, डॅशवर टीसीचा दिवा लुकलुकतो आणि गाडी पुन्हा बसते. रायडरला दिसतो तो दिवा, म्हणून राग टीसीवर.

मी साफ नाही म्हटलं. डांबर अजून गार होतं. कललेल्या गाडीचं मागचं चाक सरकून अचानक परत पकड घेतं तेव्हा रायडर सीटवरून वर फेकला जातो. ट्रॅकवरची सगळ्यात वाईट पडझड हीच. आधी लॉग, म्हणजे गाडीनं नोंदवलेले आकडे, बघू, म्हटलं.

लॉग उघडला आणि क्रम लख्ख दिसला. थ्रॉटल शून्यावरून सहा टक्क्यांवर गेला, आरपीएम सात हजारांच्या आसपास, आणि गाडी पुढे सरकायच्या ऐवजी क्षणभर घुटमळली. तोवर टीसीनं काहीही केलेलं नव्हतं. गाडी ओढत नाही म्हणून त्यानं मनगट आणखी पिळलं, थ्रॉटल वीसच्या घरात गेला, आणि सगळा टॉर्क एकदम आला. मागचं चाक पुढच्यापेक्षा भराभर फिरू लागलं आणि तेव्हा कुठे टीसी जागं झालं. आधी इग्निशन मागे घेतलं, मग स्पार्क कापले, मग बटरफ्लाय, म्हणजे हवेची झडप, मिटली. त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. टीसी बंद असतं तर पोरगा त्या सकाळी आडवा झाला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मूळ दुखणं पेट्रोलचं होतं. ब्रेकिंगला थ्रॉटल पूर्ण बंद असतो तेव्हा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर थांबवतो (हाच फ्युएल कट), आणि इनटेक पोर्टच्या भिंतीवरचा पेट्रोलचा पातळ थर वाळून जातो. थ्रॉटल परत उघडला की कोरड्या गिलाव्यानं पहिलं पाणी प्यावं तसं पहिलं पेट्रोल ती भिंतच पिते. सिलिंडरच्या वाट्याला येतं लीन मिश्रण, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. त्या जागी मॅप मुळातच कोरडा असेल, तर घुटमळ ठरलेली.

आता इथं एक अडचण असते. फ्युएल कटच्या वेळी एक्झॉस्टमधून नुसती हवा जाते, त्यामुळे त्यानंतरच्या लगेचच्या लॅम्डा रीडिंगवर विश्वास ठेवता येत नाही. लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा: एकच्या वर गेला की मिश्रण लीन, खाली आला की पेट्रोल जास्त. तिथला आकडा बघून पेट्रोल ओतणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ती गाडी मग काळा धूर सोडत फिरते. म्हणून पुढच्या सेशनला फक्त एकच बदल केला: फ्युएल कट तात्पुरता बंद. त्याला सांगून ठेवलं, “इंजिन ब्रेकिंग जरा कमी लागेल, चौथ्या वळणाला ब्रेक थोडा आधी धर. आणि आज लॅप टाइम विसर.”

तो परत आला आणि खरा आकडा हाती लागला. दोन ते दहा टक्के थ्रॉटल, पाच ते आठ हजार आरपीएम, या सगळ्या खान्यांत लॅम्डा १.०८ च्या आसपास. पूर्ण थ्रॉटलला मात्र ०.८८, अगदी हवा तसा. मॅप कुणीतरी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, पूर्ण थ्रॉटलची ताकद बघत बनवला होता, आणि खालच्या खान्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. वर तो जुना, दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरचा. आता पंपावर वीस टक्के मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं, साधारण चार टक्के. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर (लॅम्डा मोजायचा वेगळा) ही तफावत भरून काढतो. इथं रेसिंग एक्झॉस्ट बसवताना तोच काढून टाकलेला. लोक डायनोचा कागद फ्रेम करून भिंतीवर लावतात, पण वळणात गाडी जगते ती या पहिल्या दहा टक्क्यांत. ट्यूनरचा निम्मा वेळ तिथंच जायला हवा, असं मी ठामपणे म्हणेन.

त्या खान्यांत पेट्रोल वाढवलं, एकदम नाही, थोडं थोडं, शेजारच्या खान्यांशी उतार जुळवत. फ्युएल कट वरच्या आरपीएमला परत चालू केला, खालच्या टप्प्यात बंदच ठेवला. टीसीला हात लावला नाही.

जेवणानंतरच्या सेशनला तिसऱ्या वळणातून बाहेर पडतानाचा इंजिनाचा आवाज पिटमधूनसुद्धा वेगळा ऐकू आला, अखंड. पोरगा आत आला तो हसतच. “दादा, दोरीनं ओढल्यागत निघतीया. पण दहा-अकराला दिवा अजून लागतोय.”

हे मात्र खरंच टीसीचं दुखणं होतं. दहावं-अकरावं वळण म्हणजे मिळून एक लांबलचक उजवं वळण, थ्रॉटल जवळपास स्थिर, झटक्याचा प्रश्नच नाही. लॉगमध्ये चाकांच्या वेगात सतत एकसारखा फरक दिसत होता. खरी घसरण अशी सपाट नसते, ती चढते-उतरते. कारण टायरमध्ये सापडलं. २००/६० चा स्लिक, म्हणजे बिनखाचांचा रेसिंग टायर, बसवलेला आणि ईसीयूला मात्र १९०/५५ च ठाऊक. गाडी कलली की टायर कडेच्या लहान घेरावर फिरतो. किती कलल्यावर घेर किती कमी होतो याचा हिशेब ईसीयूत असतो, तो टायरच्या आकाराबरोबर बदलतो. सरळ पट्ट्यावर ठरावीक वेगानं गाडी चालवून कॅलिब्रेशन केलं, कलतानाची दुरुस्ती नव्या टायरप्रमाणे भरली. दहा-अकराचा दिवा विझला. त्यानंतर टीसी एक पायरी कमी केलं, त्यानं मागितल्याप्रमाणे.

शेवटच्या सेशनआधी तो आणखी एक पायरी मागत होता. टायरची उजवी कड मी त्याला बोटानं दाखवली. रबर फाटायला लागलं होतं, आणि ऊन उतरलं की तिथलं डांबर झपाट्यानं गार होतं. तो समजला. मॅपची फाइल सेव्ह करताना नावात तारीख, टायरचा आकार आणि ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, लिहिलं. मार्चमध्ये गाडी चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाणार आहे. तिथल्या उकाड्यात हेच खाने पुन्हा तपासावे लागतील.