तुम्ही विचारलंत म्हणून: रिंकू सिंगचं पुढे काय झालं?

वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनला मी नोकरीला होते हे कळलं, की बेसबॉलचा थोडाफार नाद असलेला माणूस हमखास विचारतो, ‘रिंकू सिंग तिथेच खेळायचा ना? शेवटी फुकटच गेलं ना सगळं?’ या ‘फुकट’ला मला दर वेळी नीट उत्तर द्यावंसं वाटतं, आणि दर वेळी चहा संपेपर्यंत ते अर्धवटच राहतं.

हा रिंकू म्हणजे शेवटच्या षटकात पाच षटकार मारणारा नव्हे. हा उत्तर प्रदेशातल्या भदोहीकडचा, ट्रक ड्रायव्हरचा मुलगा, डावखुरा, मूळचा भालाफेकपटू. 2008 साली एका अमेरिकन एजंटने भारतात वेगाने चेंडू फेकण्याची स्पर्धा भरवली. हजारो मुलं आली. रिंकूने ताशी 87 मैल, म्हणजे साधारण 140 किलोमीटर वेगाने चेंडू टाकून ती जिंकली. त्याआधी तो बेसबॉल कधी खेळलाच नव्हता. त्याच नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल साखळीतल्या संघाने त्याला आणि दिनेश पटेलला करारावर घेतलं. त्यांच्यावर निघालेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ या सिनेमाची गोष्ट इथे संपते, म्हणून लोक मला पुढचं विचारतात.

पुढे असते ती मायनर लीग. मेजर लीगच्या संघाकडे सही केली म्हणून कुणी थेट मोठ्या मैदानावर उतरत नाही, खालून एकेक पायरी चढावी लागते. रिंकूची सुरुवात सगळ्यात खालच्या पायरीवर झाली, फ्लोरिडात. 4 जुलै 2009 ला तो अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल सामना खेळणारा पहिला भारतीय ठरला. दिनेशला 2010 च्या अखेरीस सोडून दिलं, रिंकू टिकला. हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात जाऊन कॅनबेराकडूनही खेळला. 2012 चा पूर्ण हंगाम तो आमच्या चार्ल्सटनच्या संघात होता.

त्या उन्हाळ्यात बाबा कोल्हापूरहून आले होते. आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली, पोरांना भाला फेकायला शिकवलं. त्यांना घेऊन मी मैदानावर गेले. तिथे एक गृहस्थ टोस्टर घेऊनच बसायचे. समोरच्या संघाचा बॅटर स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झाला, की ताजे भाजलेले टोस्ट प्रेक्षकांत भिरकावायचे. रिंकू सामन्याच्या उत्तरार्धात आला. बाबांनी बॅटरकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर रिंकूच्या डाव्या कोपरावर खिळलेली. ‘अजून भाल्यासारखाच हात मागं नेतोय बघ,’ म्हणाले. तिसरा स्ट्राइक झाला, टोस्ट उडाले, एक बाबांच्या मांडीवर येऊन पडला. त्यांनी तो प्रसादासारखा मोडून अर्धा मला दिला.

त्या वर्षी त्याने 72 इनिंग्ज टाकल्या आणि दर नऊ इनिंग्जमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्याएवढ्या खेळामागे, त्याच्या नावावर सरासरी तीनच धावा लागल्या. त्या पायरीवर हे चांगलं काम आहे. मी तर पुढच्या पायरीची बातमी येईल म्हणून वाट पाहत होते.

बातमी आली ती कोपराची. कोपराच्या आतल्या बाजूला दंडाचं आणि हाताचं हाड जोडून धरणारा एक लहानसा अस्थिबंध असतो. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, प्रत्येक चेंडूला तो ताणला जातो आणि कधीतरी फाटतो. 1974 पर्यंत तिथे कारकीर्द संपायची. त्या वर्षी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हातातली कंडरा काढून कोपरात बसवली. तो पुढे 1989 पर्यंत खेळला, आणि शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट आत वाकवा, मधोमध दोरीसारखं उभं राहतं ती ही कंडरा. बाबांच्या मनगटात ती ठसठशीत दिसते. माझ्यात नाही, कित्येकांत नसते.

रिंकूवर हीच शस्त्रक्रिया झाली. कंडरा रुजून पुन्हा जोरात चेंडू टाकायला वर्ष-दीड वर्ष जातं. टॉमी जॉन तेव्हा नावाजलेला होता, संघ त्याच्यासाठी थांबला. मायनर लीगमधल्या पोरासाठी कोण थांबणार? दर वर्षी ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतून, अठरा-वीस वर्षांचे नवे पिचर येतात. शाळकरी वयापासून बेसबॉल खेळलेली पोरं ती. रिंकूने तर विसाव्या वर्षी पहिल्यांदा चेंडू पकडला होता, त्याचं शिकणं अजून चालूच होतं. 2013 गेलं, 2014 गेलं, 2015 मध्येही तो मैदानाबाहेरच. इतर खेळाडू सामने खेळत असताना हा रबरी पट्ट्या ओढत व्यायाम करणार, दहा पावलांवरून हलके चेंडू टाकणार, दुखलं की पुन्हा थांबणार. चार्ल्सटनच्या वरची पायरी त्याला कधी मिळालीच नाही.

म्हणून ‘फुकट गेलं’ हे मला पटत नाही. हाताने जेवढी साथ दिली तेवढं त्याने चोख केलं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्याकडे वेग होता, चिकाटी होती. हाताशी वर्षं तेवढी उरली नाहीत.

2018 च्या जानेवारीत तो डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. पुढे वीर महान या नावाने, कपाळावर गंध लावून टीव्हीवर दिसू लागला. मी बाबांना व्हिडिओ पाठवला. लाल मातीतल्या कुस्त्या बघत म्हातारा झालेला माणूस, मला वाटलं नाक मुरडतील. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि लगेच फोन केला.

‘डाव्या हातानं उचललं की गं त्यानं त्या गड्याला,’ म्हणाले. ‘म्हणजे कोपर बरं झालं म्हणायचं.’