ताई, एलओआर कोणी दिलं?

मी अमेरिकेत पीएचडी करते, म्हणून दरवर्षी दिवाळीचा फराळ संपायच्या आत तिकडे अर्ज करणाऱ्यांचा हा एलओआरचा, म्हणजे शिफारसपत्राचा, प्रश्न येतोच. एसओपी म्हणजे अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, फी माफ होते का, अशी सगळी विचारपूस आटोपली की शेवटी जरा घुटमळत विचारतात, "ताई, तुम्हाला एलओआर कोणी दिलं? आमचे सर म्हणतात, तूच लिहून आण." तीन वर्षं मी "ऑक्टोबरातच मागा, नोव्हेंबर उजाडू देऊ नका" एवढंच सांगून सुटले. आता सांगूनच टाकते. माझ्या तीन पत्रांपैकी दोन खरी होती. तिसरं, एमएस्सीच्या गाईडचं, मी लिहिलं.

सरांना नावं ठेवायच्या आधी थांबा. साठ मुलं, दोन बॅचची प्रॅक्टिकल्स आणि वर नॅकच्या फायली. आपल्याकडे शिफारस म्हणजे 'सदर विद्यार्थिनी कष्टाळू व सद्वर्तनी आहे', खाली सही आणि शिक्का. अमेरिकेतल्या बायोमेडिकल पीएचडीला एक-दोन पानांचं पत्र लागतं. पोरगी प्रयोग फसल्यावर काय करते, हे त्यात प्रसंगासकट हवं असतं. सरांना असं पत्र लिहायला कोणी शिकवलं होतं? सीएसआयआरच्या नेट परीक्षेचं बरं होतं. २०० गुणांचा पेपर, चुकलं की गुण वजा, पत्रबित्र काही नाही. फक्त माझी दोन्ही वेळा एलएसच, म्हणजे प्राध्यापकीची पात्रताच निघाली, संशोधनाची फेलोशिप देणारी जेआरएफ नाही. म्हणून तर इकडे वळले.

नोव्हेंबर २०२१. नऊ ठिकाणी अर्ज, एकेकाची फी ७५ ते ९५ डॉलर, डॉलर ७५ रुपयांच्या आसपास. आईची आरडी मोडली होती. बहुतेकांची शेवटची तारीख १ डिसेंबर. मी २६ तारखेला संध्याकाळी कॉलेजात गेले. सर जर्नलांवर सह्या करत होते. पत्र मी आदल्या आठवड्यात मेल केलं होतं. "मिळालं, चांगलंय," म्हणाले. कॉम्प्युटरवर पोर्टलची मेल उघडली, खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "अगं, ते काय काय विचारतात ते तूच भर. मी खाली प्रॅक्टिकल बघून येतो."

मी सरांच्या खुर्चीत बसले.

पत्र चढवलं. मग एक तक्ता आला. आजवर पाहिलेल्या विद्यार्थ्यांत ही कुठे बसते? वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत. बुद्धी, चिकाटी, लेखन, सचोटी, प्रत्येकासमोर एक गोल. बाहेर लॅबचे मामा बीकर विसळत होते, त्याचा आवाज येत होता. मी सगळीकडे पाच टक्के भरले. एक टक्का भरायचा धीर झाला नाही. सचोटीसमोर बराच वेळ माउस धरून बसले, मग तिथेही पाच. हा विनय होता की पकडलं जाण्याची भीती, हे मला आजही सांगता येत नाही.

त्याच पोर्टलवर महिनाभर आधी, माझ्या बाजूने, मी आणखी एक खूण केली होती. १९७४ च्या एका कायद्याने तिथल्या विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं बघायचा हक्क आहे. पत्र देणाऱ्याने मोकळेपणाने लिहावं म्हणून तो हक्क सोडतोस का, असं अर्जात विचारतात. मी सोडला होता. जे पत्र मीच रात्री दोनपर्यंत जागून लिहिणार होते, ते कधीही वाचणार नाही, असं लिहून दिलं होतं.

आता त्या पत्रातलं. डिझर्टेशनच्या वेळी धुळवडीच्या सुट्टीत माझ्या एमसीएफ-७ पेशींना, म्हणजे लॅबमध्ये वाढवायच्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना, बुरशी लागली. सगळ्या फ्लास्कमध्ये पांढरे पुंजके. इन्क्युबेटरच्या तळाच्या ट्रेमधलं पाणी बदलायची पाळी माझी होती आणि मी ते बदललं नव्हतं. सगळं ब्लीचमध्ये ओतलं, इन्क्युबेटर पुसून काढला, गोठवलेल्या पेशींची नवी व्हायल काढून पहिल्यापासून सुरुवात केली. इथवर अक्षर न् अक्षर खरं. पण पत्रात मी सरांच्या तोंडून लिहिलं, 'दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःहून माझ्याकडे आली आणि चूक आपली असल्याचं तिने सांगितलं.' तेव्हा सर एक्स्टर्नल परीक्षक म्हणून नगरला होते. चार दिवसांनी परतले तोवर नवीन पेशी वाढत होत्या. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. फक्त मामांना माहीत होतं.

जानेवारीत झूमवर इंटरव्ह्यू, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. पलीकडच्या बाई प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, तुझ्या सरांनी त्या बुरशीबद्दल फार छान लिहिलंय. तू त्यांना सांगितलंस तेव्हा ते काय म्हणाले?

दोन-तीन सेकंद गेले असतील. नेट अडकलंय असं त्यांना वाटलं असावं. मी म्हणाले, "ते म्हणाले, परत कर." सर अगदी हेच म्हणाले असते, याची मला शंभर टक्के खात्री आहे. पण म्हणाले नव्हते.

तिथेच माझं झालं. बाकी आठ ठिकाणी नाही. आणि एका पत्राने सगळं ठरतं असं समजू नका. एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठीची प्रशिक्षण अनुदानं तिथल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळतात. आपला खर्च विद्यापीठाने नाहीतर एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पाने उचलायचा, म्हणून आपल्यासाठी जागाच मोजक्या. २०२५ मध्ये अनुदानाची ओढाताण सुरू झाली तेव्हा काही ठिकाणी दिलेले प्रवेशही परत घेतले गेले. मला कशामुळे घेतलं, मला ठाऊक नाही. तीच एक ओळ असेल, तर?

तेव्हाची मी म्हणायची, सगळेच करतात. सगळे करतातच, हे खरं आहे. सरांना जमत नाही म्हणून मी का मागे राहू, हेही म्हणायची, आणि त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. पण गेल्या वर्षी आमच्या लॅबमधल्या एका मुलासाठी आमच्या बॉसने मला मसुदा करायला सांगितलं, कारण त्याला रोज शिकवत होते मी. तो मी वाचून दाखवला, तर बॉसने चार वाक्यं खोडली. "हे मी पाहिलेलं नाही," म्हणाले. मला राग आला. कशाचा, ते लिहीत नाही.

यंदा दिवाळीच्या पाडव्याला सरांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. 'दोन मुली अर्ज करतायत. त्यांच्या पत्रांचं तू जरा बघ. ड्राफ्ट छान करतेस तू. ते पाण्याचं लक्षात आहे माझ्या.'

म्हणजे वाचलं होतं. सह्या करण्याआधी की नंतर? मेसेज उघडून आठ दिवस झाले, ब्लू टिक गेली आहे. त्या दोघींपैकी एकीचा कालच फोन येऊन गेला.